नांगर न घातलेला मका

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या हर्न्डन गावी हॅरी यंग या शेतकऱ्याने १९६२ साली ०.७ एकराच्या तुकड्यात नांगर न घालताच मका पेरला. आधीच्या पिकाचे अवशेष जागेवर, तणांवर फवारणी आणि बियाण्यापुरती उकललेली चीर, एवढीच मशागत.

कल्पना अगदी नवी नव्हती. १९३० च्या दशकात कॅन्सस-ओक्लाहोमाच्या मैदानांवर धुळीची वादळे उठली, तेव्हा नांगरून उघडी पडलेली माती वाऱ्यावर कशी जाते हे साऱ्या देशाने पाहिले होते. ओहायोच्या एडवर्ड फॉकनर यांनी १९४३ मध्ये ‘प्लाउमन्स फॉली’ लिहून नांगरटीलाच आव्हान दिले. पुस्तक भरपूर खपले, नांगर मात्र चालूच राहिले. कारण होते तण. नांगर जमीन भुसभुशीत करतोच, पण तण गाडण्याचे त्याचे काम त्याहून मोलाचे. अ‍ॅट्राझीन आणि पाठोपाठ पॅराक्वाट ही तणनाशके हाती आली, तेव्हा कुठे या कामाला पर्याय मिळाला.

एका एकरातला वरचा सहा-सात इंचांचा थर सुमारे नऊशे टन भरतो. नांगर तो उचलून पालथा घालतो. मग ढेकळे फोडायची, वर पाळ्या द्यायच्या. अमेरिकी कृषी खात्याच्या ढोबळ हिशेबाने या साऱ्याला वर्षाला एकरी सहा गॅलन, म्हणजे सुमारे २३ लिटर डिझेल लागते. बिननांगरी शेतीचे दोन गॅलनच्या आत भागते. यंग यांनी शर्ली फिलिप्स यांच्यासह या पद्धतीवर लिहिलेले पुस्तक १९७३ मध्ये आले. त्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखले आणि हा फरक बांधावरच्या प्रत्येकाला कळू लागला.

तरीही सगळा नफा डिझेलच्या नावे मांडणे चूक ठरेल. वाचलेला बराच पैसा तणनाशकात जाई. मोठी कमाई वेळेची होती: गहू निघाला की त्याच रानात लगेच सोयाबीन, एका वर्षात दोन पिके. मक्याच्या एकूण ऊर्जेत तर सर्वांत मोठा वाटा बहुधा नत्रखताचा असतो, आणि ते नांगर सोडल्याने टळत नाही. उलट युरिया अवशेषांवर नुसता पसरला, तर त्यातले बरेचसे नत्र अमोनिया होऊन हवेत उडते.

जमिनीचा कौलही एकसारखा नव्हता. ओहायोत ट्रिपलेट आणि व्हॅन डोरेन या संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी तुलनेचे प्रयोग मांडले. वूस्टरच्या चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत बिननांगरी मका सरस ठरला. हॉइटव्हिलच्या चिकण, पाणी धरणाऱ्या जमिनीत मक्यावर मका घेतला की तो मागे पडे; सोयाबीनची फेरपालट केली की ही तूट बरीच भरून निघे. अशा थंड, ओल्या रानांसाठी पुढे मधला मार्ग निघाला: बियाण्याची अरुंद पट्टी तेवढी मोकळी करायची, बाकी रान झाकलेलेच ठेवायचे.