वळकटीतला प्रवासी

आमच्या लहानपणी घरात एक नियम होता. प्रवासाहून आलेली वळकटी थेट माजघरात न्यावयाची नाही. ती अंगणात सोडावयाची, सतरंजी, गोधडी, चादर दोरीवर पसरावयाची आणि दोन दिवस उन्हात तापवावयाची. धर्मशाळेतील ढेकूण-पिसवा घरी येऊ नयेत एवढाच या नियमाचा अर्थ आम्ही तेव्हा समजत होतो. पुढे प्लेगचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की जी गोष्ट घरातील म्हातारी माणसे सवयीने करीत होती, ती कळावयास सरकारी पंडितांना बरीच वर्षे घालवावी लागली. आणि त्या वर्षांत प्रवासी माणसाची जी विटंबना झाली, तिचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

१८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ आली व तेथेच येर्सिन या संशोधकाने प्लेगचा जंतू ओळखला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगश या गोमंतकीय डॉक्टरांनी तोच रोग असल्याचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची वस्ती. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे त्याच्या अंगावरील पिसू. परंतु या साखळीचा शेवटचा दुवा त्या वेळी कोणालाच दिसत नव्हता. गटारे धुण्यात आली, घरांवर कार्बोलिकचे फवारे उडाले, आणि लोकांनी गाव सोडले. आठ लाखांवर वस्तीच्या मुंबईतून काही महिन्यांत जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली. कोकणात बोटीने, देशावर आगगाडीने. प्रत्येकाच्या काखोटीला गाठोडे होतेच.

१८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि आगगाडीच्या प्रवाशांची तपासणी सुरू झाली. कल्याणसारख्या स्टेशनावर गाडी थांबे, उतारूंना फलाटावर रांगेत उभे करीत, नाडी पाहत आणि काखा व जांघा चाचपून गाठ आहे की काय ते शोधीत. तिसऱ्या वर्गाच्या उतारूला जो जाच झाला तो पहिल्या वर्गाच्या साहेबाला झाला नाही, हे सांगावयास नकोच. स्त्रियांच्या बाबतीत या तपासणीने जो संताप उसळला तो समजण्यासारखा आहे. संशय आला की माणूस घरच्यांपासून तोडून छावणीत टाकला जाई. पुण्यात त्याच वर्षी रँडसाहेबाच्या कारकिर्दीत काय झाले व त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत कसा झाला, हे श्रोत्यांना ठाऊक आहे. त्यात आम्ही शिरत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्याला शोधावयाचे तो गुन्हेगार त्या फलाटावर कोठे होता?

तो बहुधा वळकटीत होता. गाठीच्या प्लेगचा रोगी शेजाऱ्याला सहसा रोग देत नाही. माणसाची काख चाचपून झाली, माणूस निरोगी ठरला, आणि तो पुन्हा आपली गोधडी उचलून डब्यात चढला, की गोधडीतील पिसूही त्याच्याबरोबर पुढच्या गावी गेली. सामानाला धुरी देण्याची, वाफ देण्याची व्यवस्था काही ठिकाणी होती. पण ती जंतूंसाठी, पिसवेसाठी नव्हे. धान्याच्या पोत्यांची तर जांघ तपासता येत नाही!

पिसवेवर बोट ठेवले ते पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने. काही रोग्यांच्या पायावर एक बारीक फोड येतो हे त्याच्या नजरेस आले. ही चावल्याची खूण तर नसेल? १८९८ च्या जूनमध्ये कराचीत त्याने एका मोठ्या काचेच्या बरणीत प्लेगने मरणारा, पिसवांनी भरलेला उंदीर ठेवला. तो मरताच, त्याला स्पर्श होऊ शकणार नाही अशा बेताने, जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर शेजारी ठेवला. काही दिवसांत तोही प्लेगने मेला. मधल्या जागेतून उडी मारण्याची शक्ती फक्त पिसवेलाच होती. प्रयोग इतका साधा, की आज शाळकरी मुलालाही पटावा. पण फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्लेग आयोगाने सिमाँचे म्हणणे उडवून लावले.

सत्य सिद्ध झाले ते आपल्या मुंबईतच. लिस्टन या डॉक्टराने प्लेगच्या घरांत गिनिपिग सोडले व उंदरांवरील भुकेल्या पिसवा त्यांच्या अंगावर कशा गोळा होतात ते दाखविले. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, जिला पुढे १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले, नव्या आयोगाने कसून प्रयोग केले. त्यांतील एक आम्हांला फार आवडतो. पिसवा असलेल्या खोलीत जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातील जनावरांना प्लेग झाला. दोन फुटांवर टांगलेली वाचली. पिसवेची उडी तेवढी पोहोचत नव्हती. पुढे १९१४ साली बॅकॉट व मार्टिन यांनी आतले यंत्रही उलगडले: जंतूंनी पिसवेचा घसा तुंबतो, रक्त पोटात उतरत नाही, भुकेने वेडी होऊन ती पुन्हा पुन्हा चावते आणि तुंबलेले रक्त जंतूंसह जखमेत ओकते.

तोवर रोगाने हिंदुस्थानात लाखोंचा बळी घेतला होता. पुढे हा आकडा एक कोटीच्या वर गेला. पुण्यात रोगी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या.

आणि लोक? त्यांना पिसवेचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण उंदीर पटापट मरू लागले की घर सोडावे, हे कुमाऊँ-गढवालच्या डोंगराळ खेड्यांत प्लेग आयोगांच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होते. आपल्याकडेही प्लेगच्या दिवसांत गावे ओस पडत आणि माळावर झोपड्या उभ्या राहत. अधिकारी हे अडाणीपण समजत. वस्तुतः उंदरांपासून दूर जाणे हाच त्या काळी सर्वांत शहाणा उपाय होता. अट एकच, अंथरुण पांघरुण उन्हात तापवून न्यावयाचे. कडक कोरडे ऊन पिसवेला सोसत नाही. म्हणून तर पुष्कळ ठिकाणी वैशाख आला की साथ आपोआप ओसरे. सरकारने फलाटावर शिपायांऐवजी चार दोऱ्या बांधल्या असत्या तरी बरे झाले असते, असे आम्हांला अनेकदा वाटते. पण हे आज बोलणे सोपे आहे. १८९७ च्या अधिकाऱ्याला जे माहीतच नव्हते त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. दोष आहे तो सिमाँचे न ऐकण्याचा, आणि लोकांना काही कळतच नाही असे धरून चालण्याचा.

१९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेग पुन्हा दिसला. आदल्या वर्षीच्या भूकंपाने हादरलेला तो मुलूख. गावकऱ्यांनी तक्रार केली होती ती पिसवांची. पाठोपाठ सुरतेत साथ आली, लाखो माणसे आगगाड्यांत चढली आणि मुंबई-दिल्लीच्या फलाटांवर डॉक्टर पुन्हा उतारूंना तपासू लागले. मात्र सुरतेचा रोग फुप्फुसाचा होता, श्वासातून पसरणारा. त्या खेपेस वळकटी निर्दोष होती, आणि माणसाला तपासणे बरोबर होते.