भीमथडीचं तट्टू आणि चार सिलिंडरची पोर्श

मार्गशीर्षात दत्तजयंतीला शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. नवखं गिऱ्हाईक आधी घोड्याची उंची बघतं. जाणता माणूस जबडा उघडून दात बघतो, खूर उचलून पाहतो आणि मग म्हणतो, ‘चालवून दाखवा.’ रवाल चालीच्या घोड्यावर स्वाराच्या पोटातलं पाणी हलत नाही. त्या चालीला लोक जादा पैसे मोजतात.

हा बाजार आठवला तो माझ्या भाच्यामुळे. एका स्पोर्ट्स कारची चित्रं बघता बघता त्यानं विचारलं, “मामा, एकाच गाडीत लहान इंजिन मिळतं आणि मोठंही. पैसे असताना लहान कोण घेईल?” गाडी अर्थात तो घेणार नव्हता. पण प्रश्न जुना आहे, मोटारीपेक्षाही जुना.

इंजिनाची ताकद आपण अश्वशक्तीत मोजतो. 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचललं की एक अश्वशक्ती. पण तो घोडा स्वतः किती वजनाचा, दिवसाला किती खातो, खडकाळ उतारावर वळतो कसा, हे त्या आकड्यात कुठेच नसतं.

मराठ्यांच्या घोडदळाला मात्र ते रोज मोजावं लागे. समुद्रमार्गे येणारा अरबी किंवा उत्तरेकडचा तुर्की घोडा उंच, देखणा आणि महाग. त्याच्यासमोर भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं भीमथडीचं तट्टू म्हणजे सव्वाचार फुटांच्या आसपासचं जनावर. पण मिळेल त्या गवतावर ते दिवसचे दिवस चाले आणि घाट चढून जाई. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. घोडा मेला आणि दुसरा घ्यायची ऐपत नसली, तर सरकारी घोड्यावरचा बारगीर होण्याची पाळी. म्हणजे ही निवड हौसेची नव्हे, पोटाची होती. 1672 मध्ये आपल्या शेजारच्या बागलाणात, साल्हेरच्या पायथ्याशी, याच हलक्या घोडदळानं मोगलांच्या मोठ्या फौजेला उघड्या मैदानात हरवलं.

पण मग 1761चं पानिपत? तिथे अब्दालीकडे धिप्पाड घोडे होते, हे खरं. मला मात्र खरी गोष्ट वेगळी वाटते. मराठी फौजेनं तोवर आपला हलकेपणाच सोडला होता. जड तोफा, यात्रेकरू, बायकामुलं, बुणगे असा सगळा पसारा सोबत. अडीच महिने एका जागी कोंडलेली छावणी आणि वैरणीवाचून खंगलेली जनावरं. लहान घोड्यावर मोठ्या घोड्याचं ओझं लादलं की त्याचे सगळे गुण जातात.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. जर्मनीच्या पोर्श कंपनीनं 1964 मध्ये 911 ही गाडी विक्रीला आणली. दोन लिटरचं, सहा सिलिंडरचं, 130 अश्वशक्तीचं इंजिन. पुढच्याच वर्षी तीच चौकट आणि तोच देखणा सांगाडा घेऊन 912 आली. इंजिन चार सिलिंडरचं, 1.6 लिटरचं, 90 अश्वशक्तीचं. ती स्वस्त होती, म्हणून खपली, असं म्हणता येईल. तेवढंच नव्हतं. या गाड्यांचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. मोठ्या इंजिनानं शेपूट जड होते आणि वळणावर चालकानं घाबरून पाय काढला की ती बाहेर फेकली जायला बघते. 912चं शेपूट हलकं, म्हणून वळणावर ती जास्त समजूतदार. सुरुवातीच्या वर्षांत ती थोरल्या बहिणीपेक्षा जास्त विकली गेली. 1966च्या डिसेंबरात पोर्शची एक लाखावी गाडी तयार झाली, ती 912च होती, आणि गेली पोलिसांकडे. सरळ महामार्गावर 911 तिला मागे टाकायची, यात वाद नाही. 1969 मध्ये 912 बंद झाली.

डोंगरी रस्त्याचा दाखलाही आहे. 1956 मध्ये सिसिली बेटावरच्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीत उंबेर्तो माल्योली यानं दीड लिटरची पोर्श एकट्यानं जवळजवळ आठ तास हाकली आणि जिंकली. तीन लिटरची मासेराती दुसरी आली.

हे सगळं सांगून मी भाच्याला विचारलं, “गाडी नेणार कुठे?” “तोरणमाळला,” तो म्हणाला. शहाद्याकडून सातपुड्यात चढणारा तो घाट ज्यांनी पाहिलाय, त्यांना वळणांबद्दल वेगळं सांगायला नको.

“मग आधी यात्रेला ये,” म्हटलं. तो आला. पहिल्याच दावणीपुढे थबकला आणि माझा हात ओढत म्हणाला, “मामा, हा केवढा उंच आहे बघा!”