कागद शाबूत, वाचणारा हवा : जुन्या संगणक-खेळांच्या पुनर्वाचनाची हकिकत

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एखाद्या लोखंडी ट्रंकेत पणजोबांच्या वेळचे मोडीतले कागद असतील. कुठे इनामाचा, कुठे वाटणीचा, क्वचित कर्जरोखाही. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, मालकीही आपलीच आहे. घरात वाचणारा तेवढा उरलेला नाही. आजचा विषय या ट्रंकेपासून वरवर फार दूरचा, अमेरिकेत आणि युरोपात घडलेला, आणि तोही खेळांचा. साहित्याच्या व्यासपीठावर संगणकावरचे खेळ कशाला, असे कुणाच्या मनात आले असेल तर ते रास्तच आहे. पण मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते खेळ गोळ्या झाडण्याचे नव्हते. त्यांत गोष्ट असे, पात्रे असत, पानेच्या पाने संवाद असत, आणि कोडे सुटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे. इंग्रजीत त्यांना ‘ॲडव्हेंचर गेम’ म्हणत; आपण साहसकथेचे खेळ म्हणू.

हकिकतीची सुरुवात १९८७ सालची. कॅलिफोर्नियातील लुकासफिल्म या चित्रपटसंस्थेच्या खेळविभागात रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक हे दोघे ‘मॅनियाक मॅन्शन’ नावाचा खेळ रचत होते. यंत्र कमोडोर ६४, म्हणजे त्याची स्मरणशक्ती जेमतेम चौसष्ट किलोबाइट. एवढ्याशा जागेत मोठा वाडा, त्यातल्या खोल्या, माणसे आणि त्यांचे बोलणे बसवायचे होते. सगळे थेट यंत्रभाषेत लिहीत बसलो तर खेळ कधी पुरा व्हायचा नाही, हे गिल्बर्टच्या ध्यानात आले. चिप मॉर्निंगस्टार या सहकाऱ्याच्या मदतीने त्याने कामाची फोड केली. गोष्ट एका सोप्या, खास बनवलेल्या भाषेत लिहायची. ती आटवून अंकांच्या रांगेत साठवायची. आणि ते अंक वाचून पडद्यावर खेळ उभा करणारा एक दुभाषी वेगळा लिहायचा. या दुभाष्यालाच ‘इंजिन’ म्हणतात. भाषेचे नाव ‘स्क्रिप्ट क्रिएशन युटिलिटी फॉर मॅनियाक मॅन्शन’, आद्याक्षरांनी ‘स्कम’. इंग्रजीत त्याचा अर्थ पाण्यावरचा मळ असा होतो. ही मंडळी थट्टेखोर होती.

युक्ती अगदीच नवी नव्हती. इन्फोकॉम या कंपनीने १९७९ मध्येच आपल्या शब्दमय खेळांसाठी एक काल्पनिक यंत्र योजून तसेच केले होते. दोन्हीकडे हेतू काटकसरीचा होता. बाजारात तऱ्हेतऱ्हेचे संगणक होते. प्रत्येकासाठी दुभाषी तेवढा नव्याने लिहिला की गोष्ट तीच चाले. पुढच्या पिढ्यांनी हे वाचावे, असा विचार कुणी केला असेल असे मला वाटत नाही. पण अंकांत आटवलेली गोष्ट एकीकडे आणि ती वाचणारा दुसरीकडे, एवढ्या एका सोयीमुळेच पुढचे सगळे शक्य झाले.

१९९० साली याच दुभाष्यावर ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ आला. समुद्री चाचा होऊ पाहणाऱ्या एका भाबड्या तरुणाची ती कथा. त्यात तलवारीचे द्वंद्व आहे, पण जिंकायचे ते शब्दांनी. प्रतिस्पर्ध्याने टोमणा मारला की नेमके उत्तर द्यायचे. ते टोमणे ऑर्सन स्कॉट कार्ड या विज्ञानकथालेखकाकडून लिहून घेतले होते. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हा प्रकार परका वाटायचा नाही. वर्षभराने दुसरा भाग आला. त्यातली गंमत संगीताची. मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी अशी योजना केली होती की, पात्र एका झोपडीतून दुसरीत गेले की चालू सूर न तुटता नव्या वाद्याकडे वळावा.

मग यंत्रे बदलली. हे खेळ डॉस नावाच्या जुन्या प्रणालीसाठी लिहिलेले. नव्या संगणकांवर कुणाचा आवाज गेला, कुणाची पात्रे वेड्यासारखी धावू लागली, काही खेळ सुरूच होईनात. कंपन्यांना त्यात रस उरला नव्हता. पैसे मोजून विकत घेतलेल्या तबकड्या लोकांच्या कपाटात होत्या. वाचणारा मात्र गेला होता.

२००१ मध्ये स्वीडनमधला लुडविग स्ट्रिगियस हा तरुण मंकी आयलंडच्या दुसऱ्या भागाची पोटातली रचना उलगडू लागला. स्वतःचा एक खेळ करावा, त्यासाठी हा कसा केला ते पाहावे, एवढाच त्याचा मनसुबा होता. व्हिन्सेंट हॅम नावाचा दुसरा एक जण त्याच खटपटीत होता. दोघे एकत्र आले. त्यांनी लिहिलेल्या नव्या दुभाष्याचे नाव ‘स्कमव्हीएम’, आणि पहिली आवृत्ती ९ ऑक्टोबर २००१ ची. त्यानंतर सोळा दिवसांनी विंडोज एक्सपी बाजारात आले आणि घरोघरच्या संगणकांतून डॉसचा पाया निघाला. हा निव्वळ योगायोग, पण इतिहासकाराला असे योगायोग आवडतात.

हे काम कसे चालते ते थोडे सांगायला हवे. मूळ इंजिनाची आज्ञावली कंपनीच्या कपाटात बंद. हाती असते ती यंत्राला कळणारी अंकांची रास. स्वयंसेवक ती एकेक आज्ञा करीत वाचतो: अमुक अंक आला की पात्र चालते, तमुक आला की बोलते, हा आला की दार उघडते. मग तेच कार्य करणारी आज्ञा स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहितो. शिवकालीन मोडी आणि पेशवेकालीन मोडी यांचे वळण जसे एक नाही, तशी या भाषेचीही वळणे बदलत गेली. १९८७ ते १९९७ या दहा वर्षांत प्रत्येक नव्या खेळाबरोबर काही ना काही सुधारणा झाली, आणि त्या साऱ्या ओळखाव्या लागल्या. सर्वांत कठीण जागा म्हणजे मूळ दुभाष्याच्या चुका. एखाद्या खेळाची गोष्ट अशा चुकीवरच विसंबून लिहिलेली असे. ती चूक सुधारली की खेळ बिघडे. म्हणून चूकही जशीच्या तशी उतरवून घ्यावी लागे.

इथे आपल्याला ओळखीचा एक प्रश्न उभा राहतो. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून आपण पाठभेदांविषयी भांडत आलो आहोत. मूळ लेखकाचीच चूक असेल तर संपादकाने काय करावे? या मंडळींनी अलीकडे काढलेला तोडगा मला समंजस वाटतो: दुरुस्त्या करायच्या, पण ज्याला हवे त्याने त्या बंद करून मूळ पाठ पाहावा.

कायद्याचे काय? खेळाची चित्रे, संवाद, संगीत यांवर कंपनीचा हक्क कायम आहे आणि स्कमव्हीएम त्यातले काही वाटत नाही. आपली तबकडी आपण आणायची, वाचणारा ते देतात, तोही फुकट, आज्ञावलीसकट. परस्परमेळ साधण्यासाठी यंत्रभाषा उलगडण्यास युरोपीय समुदायाच्या १९९१ च्या निर्देशाने काही अटींवर मुभा दिली आहे; आपल्या कॉपीराइट कायद्यातही १९९९ च्या दुरुस्तीने तशी तरतूद आली.

मालकांपैकी सगळेच तुटकपणे वागले असे नाही. इंग्लंडच्या रिव्होल्यूशन सॉफ्टवेअर या कंपनीने १९९४ चा आपला ‘बिनीथ अ स्टील स्काय’ या स्वयंसेवकांच्या हवाली केला, मूळ आज्ञावलीसकट. तिचा मोठा भाग जुन्या यंत्रभाषेत असल्याने तो जसाच्या तसा चालणार नव्हता. उतरवून काढावा लागला. २००३ मध्ये तो खेळ सर्वांसाठी मोफत खुला झाला आणि डेबियनसारख्या लिनक्स-संग्रहांत आजही मिळतो. उलट २००८ मध्ये निनटेंडोच्या यंत्रासाठी काही बालखेळ विकायला आले. ते मूळचे गिल्बर्टनेच पुढे सहसंस्थापना केलेल्या ह्यूमंगस कंपनीचे. आत पाहिले तर दुभाषी होता स्कमव्हीएमचा, आणि नाव कुठेच नाही. फुकट वाटण्याच्या अटींपैकी श्रेय देणे ही साधी अट, तीही पाळली नव्हती. शेवटी तडजोड झाली.

हळूहळू काम स्कमपुरते राहिले नाही. सिएरा कंपनीच्या खेळांसाठी इतरांनी लिहिलेले दुभाषी यात मिसळले आणि शेकडो खेळ एका छताखाली आले. त्यांतला एक वेगळा सांगायला हवा.

‘ब्लेड रनर’ हा वेस्टवुड स्टुडिओचा १९९७ चा खेळ चार सीडींवर येई. यातली कोणती पात्रे माणसे आणि कोणती कृत्रिम मानव, हे प्रत्येक वेळी खेळ सुरू होताना नव्याने ठरे, त्यामुळे कथा दर खेपेला वेगळी वळे. वेस्टवुड २००३ मध्ये बंद पडला, आणि मूळ आज्ञावली हलवाहलवीत हरवली. लुकासच्या खेळांची निदान कुलपाआड तरी होती. इथे कुलूपही नाही आणि किल्लीही नाही. स्वयंसेवकांनी कित्येक वर्षे खपून विकलेल्या सीडींवरून हा दुभाषी पुन्हा लिहिला. वाचता वाचता त्यांना मूळ कर्त्यांनी गाळलेले प्रसंग आत पडून असलेले सापडले. ते त्यांनी मूळ पाठात मिसळले नाहीत. प्रक्षिप्ताचा संशय नको म्हणून वेगळी प्रत म्हणून ठेवले. २०१९ च्या ऑक्टोबरात हे काम प्रसिद्ध झाले. त्याच डिसेंबरात हा खेळ बाजारात पुन्हा विकायला आला, आणि विक्रेत्याने खेळासोबत जो दुभाषी दिला तो स्कमव्हीएमच होता.

२०२२ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने झळाळी दिलेली नवी आवृत्ती काढली आणि जुनी विक्रीतून काढून घेतली. नवी लोकांना पसंत पडली नाही. चित्रे धूसर झाली आहेत, चुका वाढल्या आहेत अशा तक्रारी आल्या. थोड्याच दिवसांत स्वयंसेवकांच्या दुभाष्यावर चालणारी जुनी प्रत विक्रीला परत ठेवण्यात आली.