ब्राम्सचे दोन चेलो-सोनाटे

चेलो व पियानो ह्यांच्या जोडीसाठीं लिहिलेल्या संगीतांत मुख्य कोण आणि साथीदार कोण, असा प्रश्न आपल्याकडील रसिकांस सहज पडेल. युरोपांतील रचनाकारांसही तो पुष्कळ काळ पडला होता. गुडघ्यांमध्यें धरून गजानें वाजवावयाचा चेलो हें मूळचें खर्जाचें वाद्य. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत हार्प्सिकॉर्डच्या डाव्या हाताच्या सुरांस दुजोरा देणें, हेंच त्याचें नित्याचें काम असे. १७९६ सालीं बेथोव्हेननें बर्लिन येथें दोन सोनाटे रचिले. प्रशियाचा राजा दुसरा फ्रीड्रिख विल्हेल्म हा स्वतः चेलो वाजवीत असे. ह्या सोनाट्यांत पियानोचा भाग सबंध लिहिलेला असून चेलोसही स्वतःचें असें बोलावयास मिळालें.

परंतु पुढें पियानोच्या तारा जाड झाल्या, लोखंडी चौकट आली, आवाज भरदार झाला. चेलोचे खोल स्वर आणि पियानोच्या डाव्या हाताचे स्वर एकाच प्रदेशांतले. त्यामुळें चेलो बुडूं लागला. दोघांस समान लेखावयाचें, तर बलवानानें आपलें बळ कितपत आवरावें? आमच्या मतें ब्राम्सचे दोन सोनाटे हीं ह्या प्रश्नाचीं दोन भिन्न उत्तरें होत.

पहिला सोनाटा १८६२ मध्यें सुरू होऊन १८६५ मध्यें पुरा झाला. ब्राम्स तेव्हां ऐन तारुण्यांत होता. आरंभींच चेलो आपल्या अगदीं खालच्या तारेवर गंभीर स्वर धरतो आणि पियानो मात्रा चुकवून हलके आघात देत राहतो. येथवर पियानोचा संयम दिसतो. शेवटच्या भागांत मात्र बाखच्या वळणाचा फ्यूग आहे. एकच विषय दोघेही पाठोपाठ हिरीरीनें मांडतात, आणि त्या झुंजींत चेलोची दमछाक होते. हा सोनाटा योझेफ गेन्सबाखर ह्या व्हिएन्नांतील गायनशिक्षकास व हौशी चेलोवादकास अर्पण केलेला आहे. त्याच्याबरोबर वाजवितांना ब्राम्सनें पियानो इतका जोरानें वाजविला कीं, आपणांस आपलेंच वादन ऐकूं येत नाहीं अशी त्यानें तक्रार केली. तेव्हां हें तुमचें सुदैवच, असें ब्राम्स उत्तरला, अशी आख्यायिका आहे. विनोद बोचरा खरा. पण अडचण त्यांत नेमकी सांगितली गेली आहे.

त्यानंतर एकवीस वर्षें गेलीं. १८८६ च्या उन्हाळ्यांत स्वित्झर्लंडमध्यें थून सरोवराच्या कांठीं ब्राम्सनें दुसरा सोनाटा लिहिला, तो रोबर्ट हाउसमन ह्या थोर चेलोवादकासाठीं. त्याच वर्षीं २४ नोव्हेंबर रोजीं व्हिएन्ना येथें दोघांनीं तो वाजविला. ह्यांत आरंभीं पियानो थरथरत्या स्वरांची लाट उठवितो आणि चेलो तिच्यावरून झेपा घेत वर चढतो. संथ भागाच्या आरंभीं तर तो गज बाजूस ठेवून तारा बोटांनीं छेडतो, आणि गाण्याचें काम पियानोकडे जातें. येथें बळ कोणीं कमी केलें असें नाहीं. जागा वांटून घेतली आहे.

चेलोचा आवाज पियानोएवढा कधींच होणार नव्हता. समता ही आवाजाच्या मापानें मोजावयाची नसून परस्परांस दिलेल्या अवकाशानें मोजावयाची असते, हें ह्या दोन कृती लागोपाठ ऐकिल्या असतां जसें पटतें, तसें नुसत्या विवेचनानें पटणें कठीण.