वाग्नरचा हिशेबनीस

लिव्हरपूलच्या एका बँकेंत १८८९ सालीं विल्यम रॉबर्ट्स नांवाचा एक तरुण कारकुनीस लागला. बाप शिंपी. मुलानें हिंदुस्थानच्या सनदी नोकरींत जावें असें ठरलें होतें, पण प्रकृतीमुळें तो बेत फसला. एरवीं आपल्याकडील एखाद्या जिल्ह्याचा कलेक्टर म्हणून तो पेन्शन घेता आणि विस्मृत होता! संगीत तो बहुतांशीं स्वतःच शिकला. १८९५ मध्यें ग्लुकच्या संगीतनाटकांवरील त्याचा ग्रंथ निघाला, तो अर्नेस्ट न्यूमन या टोपणनांवानें. मनापासून झटणारा नवा माणूस, असा त्या नांवांतला श्लेष. पुढें घरींदारीं तेंच नांव रूढ झालें.

मँचेस्टर गार्डियन, बर्मिंगहॅम पोस्ट आणि १९२० पासून १९५८ पर्यंत संडे टाइम्स, अशी त्याची पत्रकारी. परंतु माझ्या मतें त्याची खरी कमाई वाग्नरचें चरित्र ही होय.

जर्मन संगीतनाटककार रिचर्ड वाग्नर यानें बव्हेरियाच्या राजाच्या इच्छेवरून आत्मचरित्र सांगितलें आणि पुढें त्याची पत्नी झालेल्या कोसिमानें तें लिहून घेतलें. आरंभीं त्याच्या मोजक्याच प्रती खासगी छापल्या होत्या. १९११ मध्यें तें सर्वांस खुलें झालें. भक्तांना तें वेदवाक्य वाटलें. न्यूमन वाग्नरच्या संगीताचा निस्सीम चाहता. तथापि १९१४ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें त्या आत्मचरित्राची चोख झडती घेतली. बँकेंतील शिस्तच म्हणा ना! वहींतील नोंद पावतीशीं जुळल्यावांचून मान्य करावयाची नाहीं.

मायरबेअरचें प्रकरण पाहा. पॅरिसमध्यें दारिद्र्यानें गांजलेल्या वाग्नरला या यहुदी संगीतकारानें साह्य केलें. ‘रिएन्झी’ ड्रेस्डेनच्या रंगभूमीवर यावें म्हणून शिफारसपत्रहि लिहिलें. वाग्नरचीं त्या काळचीं लाचारीचीं पत्रें उपलब्ध आहेत. आणि १८५० मध्यें याच वाग्नरनें खोट्या नांवानें यहुदी संगीतकारांवर विषारी निबंध लिहिला. त्यांत नांव न घेतां मायरबेअरवरहि वार केला! आत्मचरित्रांत तर उपकाराची बाजू पार फिकी पडते. पत्रें समोर ठेवल्यावर भक्तांनीं काय बोलावें?

१९३३ पासून न्यूमनच्या चरित्राचे चार मोठे खंड निघाले. तिसरा ऐन महायुद्धांत, १९४१ मध्यें, तर चौथा युद्ध संपल्यावर. तेव्हां त्यानें पंचाहत्तरी ओलांडली होती. वाग्नरचीं कर्जें, प्रेमप्रकरणें, कृतघ्नपणा, कांहींहि त्यानें झांकलें नाहीं. आणि तरीहि त्या संगीताची थोरवी तसूभर कमी लेखली नाहीं. या दोन गोष्टी एकाच लेखणीनें पेलणें मला फार कठीण वाटतें.

त्यालाहि तें नेहमीं साधलें नाहीं. १९३४ च्या लिस्टवरील पुस्तकांत न्यायाधीशाची खुर्ची सोडून तो फिर्यादी वकिलाच्या जागीं जाऊन बसला आहे. लिस्टच्या दिखाऊपणाचे दाखले त्यांत भरपूर आहेत. परंतु त्याच लिस्टनें गरजू संगीतकारांना, आणि त्यांत खुद्द वाग्नरला, किती सढळ हातानें मदत केली, तिचें वजन तागडींत पुरतें पडलेलें नाहीं.

न्यूमन १९५९ च्या जुलै महिन्यांत वारला. संडे टाइम्समधील त्याचें लिखाण आदल्या वर्षापर्यंत चालूच होतें.