घरची प्रयोगशाळा आणि बाहेरची विद्या : सिप्लाच्या इतिहासातील एक प्रकरण

उद्योगाने नवे ज्ञान स्वतःच्या प्रयोगशाळेत निर्माण करावे की बाहेरून आणावे, हा प्रश्न हेन्री चेसब्रो यांच्या २००३ सालच्या ग्रंथानंतर ‘ओपन इनोव्हेशन’ या नावाने विशेष चर्चिला गेला. तथापि हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने दोन्ही वाटा एकत्र आणल्या होत्या. सिप्लाचा इतिहास बहुधा स्वस्त औषधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ते खरेच आहे. पण त्यासाठी लागणारी विद्या कोठून आली, याकडे फारसे लक्ष जात नाही.

अलीगढ येथे १८९८ मध्ये जन्मलेले आणि बर्लिनहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये ही कंपनी स्थापन केली. तिच्या मूळ नावातच ‘लॅबोरेटरीज’ हा शब्द होता. १९३७ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९५२ मध्ये संशोधनाचा स्वतंत्र विभाग निघाला. दुसरीकडे, १९४२ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या, म्हणजे सीएसआयआरच्या, नियामक मंडळावरही डॉ. हमीद यांनी काम केले. सरकारी प्रयोगशाळा आणि खाजगी कारखाना यांच्यातील हे परिचयाचे नाते पुढे उपयोगी पडले.

१९७० च्या पेटंट कायद्याने औषध या वस्तूवरील मक्तेदारी काढून घेतली आणि ते बनविण्याच्या पद्धतीलाच संरक्षण ठेवले. १९७२ पासून हा कायदा अमलात आला. म्हणजे ज्याला निराळी पद्धत शोधता येईल त्याला तेच औषध बनविता येणार होते. अर्थात कायद्याने दार उघडले, तरी आत जाण्यासाठी रसायनशास्त्रज्ञच हवा होता, आणि असे शास्त्रज्ञ मोठ्या संख्येने सीएसआयआरच्या प्रयोगशाळांतच होते.

याचे एक बोलके उदाहरण सदाफुलीचे. अंगणात, कब्रस्तानात, कुंपणाकडेला आपोआप वाढणाऱ्या या झाडाच्या पानांत व्हिनब्लास्टीन आणि व्हिनक्रिस्टीन ही कर्करोगावरील द्रव्ये असतात. परंतु इतक्या अल्प प्रमाणात की शेकडो किलो वाळलेल्या पानांतून हाती येते ते ग्रॅमच्या हिशेबात. ती शुद्ध स्वरूपात वेगळी काढणे हे चिकाटीचे काम. सिप्लाने १९८४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने ही दोन्ही औषधे विकसित केली. वनस्पतिजन्य द्रव्यांचे काम कंपनीला नवे नव्हते. विक्रोळीच्या कारखान्यात १९६० पासून त्यावर भर होता आणि १९७२ पासून बंगळूर येथे औषधी वनस्पतींचे संशोधनक्षेत्रही होते. पुण्याची विद्या रुजण्यासाठी जमीन आधीच तयार होती.

पुण्याच्याच प्रयोगशाळेत के. वेंकटरामन यांच्या हाताखाली घडलेले डॉ. ए. व्ही. रामाराव १९८५ मध्ये हैदराबादच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. निजामाच्या राज्यात १९४४ मध्ये सुरू झालेली हीच संस्था पुढे भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. एचआयव्हीवरील पहिले मान्यताप्राप्त औषध झिडोव्हुडीन १९६४ मध्ये अमेरिकेत जेरोम हॉर्विट्झ यांनी कर्करोगासाठी तयार केले होते. त्या कामी ते निरुपयोगी ठरून पडून राहिले. १९८७ मध्ये ते एड्ससाठी बाजारात आले तेव्हा वर्षाचा खर्च आठ ते दहा हजार डॉलरच्या घरात होता. हैदराबादच्या तांत्रिक सहकार्याने १९९१ मध्ये सिप्लाने त्याचे उत्पादन हाती घेतले. केंब्रिजला नोबेल विजेते अलेक्झांडर टॉड यांच्याकडे डॉक्टरेट केलेले डॉ. युसूफ हमीद तेव्हा कंपनीचे नेतृत्व करीत होते. प्रयोगशाळेची भाषा समजणारा माणूस निर्णयाच्या खुर्चीत असणे, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र सर्व काही बाहेरून आले असे मानणे चुकीचे ठरेल. स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरापीन ही तीन औषधे पाश्चात्त्य देशांत तीन निरनिराळ्या कंपन्यांच्या मालकीची होती. त्यामुळे ती एका गोळीत येणे तेथे अवघड. सिप्लाने स्वतःच्या घरात ती एकत्र आणून ‘ट्रायोम्यून’ ही गोळी केली, दिवसातून दोनदा घेण्याची. जेथे दहा-पंधरा हजार डॉलर लागत, तेथे फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने हे तिहेरी उपचार एका धर्मादाय वैद्यकीय संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केले. आफ्रिकेतील उपचारांचा हिशेबच त्यामुळे बदलला. भारतात मात्र सरकारी दवाखान्यांतून ही औषधे मोफत देण्याचा कार्यक्रम १ एप्रिल २००४ रोजी, म्हणजे झिडोव्हुडीननंतर तेरा वर्षांनी सुरू झाला. देशाच्याच पैशावर चाललेल्या प्रयोगशाळेचे फळ देशातील गरीब रुग्णाला इतक्या उशिरा मिळावे, हे इतिहासाच्या अभ्यासकाला खटकल्याशिवाय राहत नाही.

या कथेत सिप्लाचे नाव जितके घेतले जाते तितके पुणे आणि हैदराबादचे घेतले जात नाही. १ जानेवारी २००५ पासून भारतात औषध या वस्तूवरच पुन्हा पेटंट मिळू लागले आणि नव्या औषधांच्या बाबतीत ही जुनी वाट अरुंद झाली. डॉ. रामाराव यांनी त्याच्या दहा वर्षे आधीच, १९९५ मध्ये, सरकारी प्रयोगशाळा सोडून हैदराबादेत स्वतःची ‘अवरा लॅबोरेटरीज’ काढली होती.