यंत्राच्या पायाखाली
पंचवटीतील दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’ संस्थेत राज्यातल्या धरणांजवळच्या भूकंपनोंदींचा अभ्यास होतो. अशी जुनी नोंद हाती आली, की आधी विचारावे : यंत्र कशावर उभे होते? कठीण बेसाल्टवर हादरा फारसा बदलत नाही. मऊ गाळात लाट मंदावते आणि हेलकावा वाढतो. १९८५ साली शेकडो किलोमीटर दूरच्या भूकंपाने मेक्सिको शहरात हाहाकार माजला, तो जुन्या तळ्याच्या गाळामुळे. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची प्रसिद्ध नोंद तर धरणाच्याच गॅलरीतली. तिच्यात जमिनीचा हादरा किती, धरणाचा किती, हे पारखावेच लागते. कारण जगभरचे अभियंते धरणांची गणिते त्याच नोंदीवर तपासतात. आकड्याइतकीच त्याखालच्या जमिनीचीही नोंद जपायला हवी.